कुपी बाहेर असेपर्यंत

सुजाता गेली त्या सकाळी पहिला फोन हिंगण्याहून आला. गॅस कंपनीच्या गाडीवरचे वामनराव बोलत होते. तिच्या प्रयोगशाळेत द्रव नायट्रोजन पोचवायचं काम कितीतरी वर्षांपासून त्यांच्याकडे होतं, आणि दवाखान्यात भरती होताना तिनं त्यांना माझा नंबर देऊन ठेवला होता. "ताई, मॅडम फोन उचलून नाही राहिल्या. गाडी आज तिकडेच येऊन राहिली, तर कॅन भरून देऊ का?" मॅडमना विचारून सांगते, असं मी म्हणाले आणि फोन ठेवला, तो लगेच पुन्हा वाजला. दवाखान्यातून तिचा चुलतभाऊ होता. "ताई, सुजाता..." एवढंच म्हणाला, पुढचं त्याला म्हणवेना. म्हणजे विचारायला कोणी उरलंच नव्हतं. मी गॅलरीत गेले. समोरच्या इमारतीत कुणीतरी कूलरला वाळ्याच्या ताट्या बसवत होतं, आणि माझ्या मनात आपलं एकच, की उन्हाळा लागला, आता कॅन लवकर रिकामा होईल. मग मी वामनरावांना उलटा फोन लावला आणि म्हटलं, "भरा." ती गेली हे नाही सांगितलं. रडणं-बिडणं सगळं त्यानंतर.

तो कॅन म्हणजे काय हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवतीच फिरतं. दिसायला दूधवाल्याच्या कॅनसारखा, अ‍ॅल्युमिनियमचा, मानेशी निमुळता. आत इतकं थंड असतं, की जिवंत पेशी त्यात ठेवल्या तर त्या मरत नाहीत आणि वाढतही नाहीत, नुसत्या थांबतात. वर्षानुवर्षं थांबतात. बाहेर काढून ऊब दिली की पुन्हा जगू लागतात. फक्त नायट्रोजन सारखा उडून जात असतो, म्हणून भरत राहावं लागतं. एकदा कॅन कोरडा पडला की आतलं सगळं संपलं. त्यात करंगळीएवढ्या कुप्या होत्या, आणि निळ्या झाकणांच्या कुप्यांमध्ये सुजाताचा धाकटा भाऊ होता, मिलिंद. असं म्हटलं की ती चिडायची. "मिलू नाही वं, मिलूच्या पेशी. मराठीची मास्तरीण आहेस न, मग नीट बोल." मी मराठीची मास्तरीण, हे खरं. विज्ञानातलं मला ओ की ठो कळत नाही. जे कळतं ते तिनं सांगितलेलं, आणि इथं काही चुकलं तर ती चूक माझी समजावी.

इंदोऱ्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तिचे वडील गिरणीत होते, आई घरी बिड्या वळायची. तिच्या आईला मी मावशी म्हणते. लहानपणी बापाचं बोट धरून छप्पनच्या दीक्षेला गेलेली ही बाई आता ऐंशीला टेकली आहे, पण बोटं अजून तशीच. नुसती मांडीवर ठेवली तरी काहीतरी वळत असतात. मिलू आमच्यापेक्षा बराच लहान. गोरागोमटा, बडबड्या, पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या फुगलेल्या, आणि त्या पोटऱ्यांचं सगळ्या गल्लीला कौतुक. हळूहळू लक्षात यायला लागलं, की जमिनीवरून उठताना तो आधी जमिनीवर हात टेकतो, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत चढत उभा राहतो. पोरं हसायची. तोही हसायचा. मग तो पडायला लागला, आणि मग मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी भरल्या वॉर्डात, सगळ्या नातेवाइकांसमोर सांगितलं, की स्नायू झिजत जाण्याचा आजार आहे, औषध नाही, आणि हा आईकडून मुलाला येतो. बाहेर पडताना सुजाताची आत्या म्हणाली, "बाईच्याच रक्तात खोट." वडील मागे वळले. शांत माणूस, पण त्या दिवशी पायऱ्यांवरच ओरडले, "तिनं काय तो रोग कळमन्याच्या बाजारातून आणला काय?" त्या दिवसापासून कुठल्याही घरी बारसं असलं तर मावशी दारातून आत जात नसत, बाहेरूनच बाळंतविडा देऊन परतत.

वडिलांनी मिलूला सायकलच्या दांडीवर बसवून दहावीपर्यंत नेलं. नंतर मान धरवेना तेव्हा सायकल थांबली. सुजाता तोवर एम.एस्सी. करून हैदराबादला पीएच.डी.ला गेली होती, आणि विषय काय घेतला असेल हे सांगायला नको. स्नायू कसा घडतो. गर्भात, हातापायाच्या जागी नुसत्या ठिपक्यांसारख्या पेशी असतात; त्यांना कोण सांगतं, की बाई, आता वाढणं पुरे, आता स्नायू हो? बाहेरचा निरोप पेशीच्या आवरणापासून आतल्या केंद्रकापर्यंत कोणत्या हातांतून जातो? एवढ्या एका प्रश्नात तिनं जन्म काढला. सुरुवातीला कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भांवर काम करायची, नंतर उंदराच्या पेशींवर. पण माणसाच्या आजारी स्नायूतल्या पेशी मिळणं कठीण होतं. ती सुट्टीत घरी आली आणि तिनं मिलूलाच विचारलं. तेव्हा तो अठराच्या आसपास असेल, फक्त बोटं हलायची आणि तोंड. मी तिथंच होते. तो म्हणाला, "म्हणजे मले कापून राहिली का वं ताई?" ती म्हणाली, डॉक्टर कापतील, बोटाच्या पेराएवढा तुकडा. तो म्हणाला, "घे मंग. तसाही तो माह्या काही कामाचा नोहे." सगळे हसलो. मावशी चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या, त्या तशाच बसून राहिल्या.

त्या तुकड्यातून फार थोड्या पेशी निघाल्या. सुजातानं त्या वाढवल्या, कुप्यांत भरल्या, गोठवल्या. पुढच्याच हिवाळ्यात मिलू गेला, छातीचे स्नायूही थकले म्हणून. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

इथल्या संस्थेत तिला नोकरी लागली तेव्हा ती तो कॅन घेऊन हैदराबादहून जीपनं आली. आगगाडीत नेऊ देत नाहीत. सबंध रस्ता कॅन दोन गुडघ्यांमध्ये धरून बसली होती आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरला शिव्या देत होती, असं तिचंच सांगणं. शिव्या ती उत्तम द्यायची. प्रयोगशाळेत तिचे विद्यार्थी तिला घाबरायचे ते ज्ञानाला नाही, तोंडाला. पेशींना रविवार नसतो, दिवाळी नसते. त्यांना वेळेवर खाऊ घालावं लागतं, ताटली बदलावी लागते. एका मुलीनं लग्नाची हळद लागलेल्या हातांनी येऊन पेशींना खाऊ घातल्याची गोष्ट ती अभिमानानं सांगायची, आणि त्या मुलीची सासू काय म्हणाली हेही. ती मुलगी म्हणजे रेणुका. सुजाताची सगळ्यात तयारीची विद्यार्थिनी, आज हैदराबादला तिची स्वतःची प्रयोगशाळा आहे. ती पुढे येईलच.

एक गोष्ट सुजातानं मला दुर्बिणीतून, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून दाखवली होती, ती मी विसरणार नाही. ताटलीत स्नायूच्या कच्च्या पेशी होत्या, सुट्या सुट्या. "यांना भरपूर खायला दे, तर नुसत्या वाढत राहतात. एकीला दुसरीचं घेणंदेणं नाही. आता खाणं कमी कर... हे बघ." दुसऱ्या ताटलीत त्या रांगेत लागल्या होत्या, एकमेकींना चिकटून लांब धागे झाले होते. उपास घडला की त्या जवळ येतात आणि मग त्यांचा स्नायू होतो. मी म्हटलं, हे तर आपल्या इंदोऱ्यासारखं झालं. ती म्हणाली, "कविता नको करू." आजारी स्नायूत काय होतं, तर धागे सारखे फाटत राहतात, दुरुस्तीचा निरोप सारखा वाजत राहतो, पेशी धावून धावून शेवटी थकतात. हा निरोप थांबवायचा कुठं आणि कसा, यावर तिनं बरंच लिहिलं, परदेशात वाचलंही गेलं. औषध मात्र निघालं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण शोकसभेत दोन वक्त्यांनी तिच्या संशोधनामुळे हजारो बालकांना जीवदान मिळाल्याचं सांगितलं. तसलं काही झालेलं नाही. ती असती तर माइक हिसकावून घेतला असता.

आता मावशींची गोष्ट. मिलूच्या कुप्या मोजक्याच, आणि एकदा बाहेर काढलेली कुपी पुन्हा पहिल्यासारखी आत जात नाही. वाढतात, काम होतं, काही आठवड्यांत संपतात. म्हणून सुजाता आधी सगळं उंदरांच्या पेशींवर करून पाहायची, आणि अगदी खात्री पटली तरच निळं झाकण उघडायची. पहिल्यांदा उघडायची वेळ आली तेव्हा तिचा हातच होईना. कॅनशी उभी राहिली आणि परत घरी आली. मावशी तांदूळ निवडत होत्या. ती म्हणाली, "माय, उद्या मिलूची एक कुपी बाहेर काढून राहिली." निवडता निवडताच त्या म्हणाल्या, "काढ. पण मले सांगत जा." तेव्हापासून तो शिरस्ताच झाला. ज्या दिवशी कुपी निघेल त्या दिवशी संध्याकाळी सुजाता घरी येऊन चपला काढता काढता सांगणार, "माय, आज मिलूले बाहेर काढलं." आणि मावशी रोज विचारणार, "कसा हाय?" ताटलीला चिकटला, बरा आहे, वाढून राहिला... आणि मग एक दिवस, "झालं, माय." मावशी बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायच्या, आणि स्वयंपाकाला लागायच्या. कुपी बाहेर असेपर्यंत त्या गाव सोडत नसत. सख्ख्या भावाच्या नातीचं लग्न सोडलं, वर्ध्याचं. विचारलं तर म्हणाल्या, "पोरगं बाहेर हाय, कशी जाऊ?"

मला ते सगळं अंगावर काटा आणणारं वाटायचं. एकदा न राहवून मी मावशींना म्हटलं, की असं पुन्हा पुन्हा मरण कशाला बघायचं? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण फळ्यावर चुकीचं लिहिणाऱ्या पोराकडे बघतो. "आत्मा-बित्मा आम्ही मानत नाही, बाई. मले समजते, तो मिलू नोहे. पण त्याचं हाय न? तो जिता होता तवा कोणाच्या कामी नाही आला, असंच वाटे त्याले. आता येऊन राहिला तर मी काहून नाही म्हणू?"

मुलींना हा आजार सहसा होत नाही, पण आईसारखा त्यांच्या अंगात तो लपून राहू शकतो. सुजातानं स्वतःची तपासणी केली तेव्हा तिच्या लग्नाची बोलणी चालली होती. घरी येऊन तिनं सांगितलं, "माय, मी मोकळी आहे. माझ्यात नाही आला." मावशी त्या दिवशी रडल्या, म्हणे, आणि शेजारी पेढे वाटले. लग्न मात्र सुजातानं केलं नाही. वेळ नाही म्हणाली, मुलगा बावळट आहे म्हणाली, पुढं पुढं कोणी विचारेनासं झालं. खरं काय ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. एके दिवशी ती मला म्हणाली, "माझ्यासोबत धंतोलीला चल, नातेवाईक म्हणून सही लागते." एका खाजगी दवाखान्यात ती मांडीतला तुकडा काढून घ्यायला आली होती. स्वतःच्या. आईशी ती खोटं बोलली होती; आजार तिच्यातही लपलेला होता. तिच्या स्नायूत चांगल्या आणि बिघडलेल्या पेशी शेजारी शेजारी होत्या, आणि चांगल्या पेशी बिघडलेल्यांना सावरतात का, हे तिला बघायचं होतं. दुसऱ्या कुणाचा तुकडा मागायला तिचं मन धजेना. मी सही केली, नात्याच्या जागी बहीण लिहिलं, आणि बाहेर येऊन तिच्यावर ओरडले. ती म्हणाली, "ओरड, पण मायले नको सांगू. एकाचंच ओझं ती एवढी वर्षं वाहून राहिली. दुसरं आलं तर मोडून जाईल." त्या कुप्यांना तिनं लाल झाकणं लावली, आणि त्याच कॅनमध्ये, निळ्यांच्या शेजारी ठेवल्या.

तिचं नाव पेपरात आलं की खेड्यापाड्यांतून लोक यायचे. एकदा यवतमाळकडचा एक माणूस आला होता, पोराला पाठीवर घेऊन, मागे दहा-बारा वर्षांची मुलगी. "मॅडम, औषध कवा येईन जी?" सुजाता त्याच्याशी खोटं बोलली नाही. "भाऊ, मी औषध नाही बनवत. बिघाड कुठी होते ते पाहून राहिली. तुमच्या पोराच्या वेळेपर्यंत नाही जमणार मले." तो बिचारा मान हलवत बसून राहिला. मग तिनं त्या मुलीला जवळ घेतलं आणि बापाला बजावलं, "हिची तपासणी करा. आणि मोठी झाल्यावर हिचं हृदय दाखवत जा, हिच्या आईचंही. हृदय हाही स्नायूच असते. बायकांचं थकते, आणि कोणी पाहत नाही." मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते गेल्यावर विचारलं, "आणि तुझं कोणी पाहिलं?" तर म्हणाली, "पुढच्या महिन्यात जाते." असे तिचे पुढचे महिने किती झाले देव जाणे, तिचा देवावर विश्वास नव्हता तरी. मला तिचा राग आहे. ती गेली तरी आहे. दुनियेच्या बहिणींना सांगणारी बाई स्वतः गेली नाही, कारण मनीषनगरला त्या मायलेकी राहत त्या फ्लॅटमध्ये हृदयाचे कागद आले असते, गोळ्या आल्या असत्या, आणि मावशींनी विचारलं असतं, काहून?

दोन वर्षांपूर्वी विहारात वर्षावासाच्या समारोपाला आम्ही तिघी सतरंजीवर बसलो होतो. उठताना सुजातानं एक हात जमिनीवर टेकला, मग गुडघ्यावर. मी म्हटलं, "म्हातारी झालीस की गं." ती म्हणाली, "तू काय कोवळी आहेस?" मावशी बाजूलाच चपला शोधत होत्या. एवढंच. मला त्यात काही दिसलं नाही.

या मार्चमध्ये तिला जिना चढवेनासा झाला, पाय सुजले, आणि शेवटी मीच तिला ओढून नेलं. हृदयाचा इको करणाऱ्या तरुण डॉक्टरनं पडदा आमच्याकडे वळवला नाही. सुजातानं स्वतःच वाकून बघितला आणि म्हणाली, "पंपिंग फार कमी आहे न?" जणू ताटलीतलं काही बघते आहे. मावशींना सांगितलं, की कामाचा ताण, पाणी साचलं, ठीक होईल. शेवटच्या भेटीत तोंडाला ऑक्सिजनचा मास्क होता, तो बाजूला करून बोलायची. "रेणुका कॅन घेऊन जाईल. संस्थेला आता तो नको आहे, त्यांना ती खोली पाहिजे. कोरडा नको पडू देऊ." मी म्हटलं, नाही पडू देणार. "आणि ती कॅन उघडेल तेव्हा मायले तिथं नको नेऊ..." नर्सनं मास्क परत लावला. हेच तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या नावानं वंदना ठेवली त्या दिवशी रेणुका हैदराबादहून गाडी घेऊन आली. भंतेजींचं झालं, जेवणं झाली, पांढऱ्या साड्यांची गर्दी पांगली. मी रेणुकाला हळूच म्हटलं, की चल, आपण दोघी जाऊन येऊ. मावशी आतून काठी घेऊन बाहेर आल्या. "मले यायचं हाय." मी म्हटलं, मावशी, ऊन फार आहे, तिथं लिफ्ट बंद असते... त्या म्हणाल्या, "माह्या पोराले नेऊन राहिली न ही? मंग मले निरोप द्यायचा हाय." यापुढे माझी मास्तरकी चालली नाही. जे लपवण्यासाठी सुजातानं हृदयसुद्धा दाखवलं नाही, ते मी एका दुपारी उघडं पाडणार होते.

प्रयोगशाळेच्या खोलीत तिचं स्टूल होतं, पाठीला टॉवेल बांधलेलं. कॅन कोपऱ्यात. ती गेली त्याच दिवशी वामनराव तो भरून गेले होते. रेणुकानं जाड हातमोजे घातले आणि झाकण काढलं. पांढरी वाफ बाहेर आली आणि जमिनीवर पसरली. दांडीला अडकवलेली डबी तिनं वर घेतली, नीट आहे ना बघायला, अगदी क्षणभरच. निळी झाकणं अगदी थोडी उरली होती. त्यांच्या बाजूला लाल. मी मावशींच्या आणि कॅनच्या मध्ये उभी राहायचा प्रयत्न केला. त्यांनी काठीनं मला बाजूला सारलं.

"ह्या लाल कोणाच्या?"

रेणुका माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "मावशी, ते... तुलनेसाठी असतात. दुसऱ्या कुणाच्या तरी."

"खोटं कायले बोलतं वं?" मावशी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तिच्याच हायेत त्या. मले काय दिसत नव्हतं? दोन-तीन सालापासून ती हात टेकून उठून राहिली होती. मिलू तसाच उठे. त्याचं उठणं मी रोज पाह्यलं, मले नाही समजणार? ती मले सांगत नव्हती, का माय खचन. मी तिले इचारत नव्हती, का ती आपलं लपवून राहिली तर लपवू दे, तिचा जीव निवांत राहीन. दोघी एका ताटात जेवू आणि दोघीबी गप." मग म्हणाल्या, "दोघंबी माह्याकडूनच गेले."

मी काहीतरी बोलायला गेले, की तुमचा दोष नाही, हे कुणाच्या हातात नसतं, सुजातानंच मला शेकडो वेळा सांगितलं होतं. ते सगळं खरं होतं आणि तिथं कशाच्याही उपयोगाचं नव्हतं. मावशी सुजाताच्या स्टूलवर बसल्या. रेणुका रडत होती, आणि रडता रडता म्हणाली, "आजी, तुम्ही म्हणाल तसं करू. नाही म्हणाल तर मी या उघडणार नाही. नुसत्या सांभाळीन." डबी तिनं केव्हाच आत सोडून झाकण लावलं होतं. वाफ विरून गेली. शेवटी मावशी म्हणाल्या, "नुसत्या ठेवून काय करशीन? कामासाठी काढल्या तिनं. वापर. पण मले सांगत जा."

कॅन मागच्या सीटवर बसला नाही, म्हणून रेणुका ड्रायव्हरच्या शेजारी बसली आणि कॅन दोन गुडघ्यांमध्ये घेतला. मी वामनरावांना फोन करून सांगितलं, की आता गाडी पाठवू नका. कॅन हैदराबादला गेला आणि मॅडम गेल्या, दोन्ही एकदमच सांगितलं. ते म्हणाले, "तरीच ताई... त्या दिवशी तुमचा आवाज येगळाच होता."

आता रोज संध्याकाळी मी मनीषनगरला जाते. सुजाताची खोली आहे तशी आहे; चपला दाराशी आहेत, मावशी त्या काढू देत नाहीत. आम्ही दोघी चहा पितो. परवा चहा होतच होता तेव्हा फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला. पलीकडून रेणुका म्हणाली, "आजी, आज मॅडमची एक कुपी बाहेर काढली."

मावशींच्या हातात बशी होती. ती त्यांनी खाली ठेवली. "कशी हाय?"

"अजून ताटलीला चिकटली नाही, आजी. उद्या कळेल."

"बरं. उद्या सांग मंग," मावशी म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसून पुन्हा बशी उचलली. थोड्या वेळानं सुजाताचा चुलतभाऊ आला. दोन दिवसांसाठी वर्ध्याला घेऊन जायला आला होता, काकूला जरा बदल, हवापालट. गाडी खाली उभी होती. मीही म्हटलं, जा मावशी, बरं वाटेल. त्या आमच्याकडे बघतच राहिल्या, एवढं साधं आम्हाला कसं कळत नाही म्हणून.

"आत्ता नाही गा येता येत," त्या म्हणाल्या. "पोरगी बाहेर हाय."